ताईची मस्करी

आमच्या चौघींचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होऊन जातो. मी हसत हसत सांगते खरी, पण मनातून हसत नसते. कारण सगळे किस्से ताईचे, माझ्या थोरल्या बहिणीचे.

ताई पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. मी, कुंदा आणि मूळची खाडीकडची, आता माझी शेजारीण असलेली शेवंता तिथेच रंगकामाला. एकदा ताईने चहात मीठ घातलं. मग बाजारात भाजीची पिशवी विसरून आली. असं सगळ्यांचंच होतं हो, पण तिचं वरचेवर व्हायला लागलं आणि माझी झोप उडाली.

डॉक्टर गोळ्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "एकटं बसवू नका. खेळू द्या, हसू द्या, नवीन काही शिकू द्या. खात्री देत नाही, पण डोक्याला चालना मिळाली तर फायदा होतो."

शेवंताला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खेळा म्हनून सांगायला डाक्टर कशाला व्हवा गो? आमी काय मेलो काय?"

*

सुरुवात सागरगोट्यांनी केली. रामवाडीत माझ्या घरी, दुपारी, दार लावून. साठी उलटलेल्या बायका फतकल मारून खेळताना कोणी बघितलं तर काय म्हणतील!

ताईचा हात असा चालला की आम्ही बघतच राहिलो. गोटा वर, खालचे मुठीत, वरचा झेलला! शेवंताने अशी किंकाळी फोडली की शेजारून तिची सून धावत आली आणि दार बडवायला लागली.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोन नाय पडलं. मी हरलं!" शेवंता आतून ओरडली.

त्या दिवशी मला बरं वाटलं. संध्याकाळी ताईने विचारलं, "आज आपण काय केलं गो दिवसभर?" आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

*

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आजी, महिना कोणता चालू आहे?"

ताई म्हणाली, "साच्याचं काम उरकलं, रंगाला बसलोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पेणमध्ये हे बरोबर उत्तर आहे!"

मग त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. चमचा, फूल, गाडी. थोड्या वेळाने म्हणाले, "सांगा बघू, कोणते शब्द?"

"एवढ्यात विसरलात?" ताई म्हणाली. "आता तुमाला कोन तपासणार?"

डॉक्टर खो खो हसले. मीही हसले. रिक्षात बसल्यावर हळूच विचारलं, "ताई, आठवतात का गो ते शब्द?" ती रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली.

*

त्याच सीझनला कारखान्यात एका गणपतीच्या पायाजवळच्या उंदराला ताईने डोळे काढले. डोळे काढले म्हणजे कसे, तर गणपतीचे! लांब, शांत, पापणीची रेघ ओढून. उंदराला नुसता काळा ठिपका देतात, हे ताईला शिकवायचं म्हणजे कमालच. कुंदाने माझा हात घट्ट धरला. मालक लाल झाला.

ताई ब्रश पुसत म्हणाली, "रोज पायाशी बसतो बिचारा. एक वरीस त्याला पन देवासारखं बघू दे की!"

मुंबईचं गिऱ्हाईक आलं ते नेमकी तीच मूर्ती घेऊन गेलं. मालक खूश. आम्ही तिघी मात्र त्या दिवसापासून ताईचा ब्रश हलला की मान वर करून बघायचो.

*

मग पत्ते आले. गुलामचोर. शेवटी गुलाम ज्याच्या हातात राहतो तो चोर. ताई चोर होईचना! आम्ही पत्ते मोजले तर गुलामच गायब. शेवंताने तिला उठवलं, तर गुलाम मांडीखाली!

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, ताई लबाडी करायला लागली!"

"अरे वा!" ते म्हणाले. "चालू ठेवा!"

*

एका दुपारी ताई आलीच नाही. तिचा फोन तिच्या घरीच राहिलेला. आम्ही तिघी तीन दिशांना पळालो. एस.टी. स्टँड, भाजीबाजार, तलावाची बाजू. तलावाकडे माझे पायच वळेनात.

सापडली ती तिच्या घरामागच्या गल्लीत. शाळकरी पोरींबरोबर, पदर खोचून, लंगडी घालत!

मी रडत रडतच ओरडले. तर म्हणते, "घर गावंना गो. मग म्हटलं, घर गावंपर्यंत एक डाव खेळून घेऊ."

त्यानंतर तिची मुलगी मीना तिला रोह्याला घेऊन गेली.

*

परवा आम्ही तिघी रोह्याला गेलो. गाडीने रोह्याअलीकडचं निडी स्टेशन सोडल्यावर कुंदा म्हणाली, "ओळखेल ना गं?" तिच्यावर मी उगाच खेकसले.

ताई दारातच उभी होती. जेवण झालं आणि पत्ते मांडले. अंगात आल्यासारखी खेळली! शेवंताला लागोपाठ चोर केलं, कुंदाच्या पत्त्यांत डोकावली, मला टपली मारली. मीना म्हणाली, "मावशी, कित्येक दिवसांत आई अशी हसली नव्हती." मला वाटलं, चला, अजून आपली ताई आपल्याजवळ आहे.

संध्याकाळी ती हट्टाने स्टेशनवर पोचवायला आली. गाडी सुटता सुटता खिडकीतून तिने माझा हात धरला.

"परत या हां," ती म्हणाली. "आनि येताना माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन या. तिला खेळायला लय आवडतं."

शेवंता फिस्सकन हसली. कुंदा हसली. "काय मस्करी करतेस गो ताई!" म्हणत मीही हसले.

ताईने आमच्या तिघींच्या तोंडाकडे पाळीपाळीने बघितलं. मग तीही हसली.