तीन राण्या आणि आठ चिंचोके

आक्का आणि मी तीन पत्ती खेळायचो ती चिंचोक्यांवर. मी बारामतीला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. रविवारी एसटीने अंथुर्ण्याला या थोरल्या बहिणीकडे जायचं आणि दुपारची भांडी आवरली की ओट्यावर पानं वाटायची, हे आमचं ठरलेलं.

एकदा मला तीन राण्या आल्या. एकाच नंबराची तीन पानं म्हणजे सगळ्यांत वरचा डाव. मी दोन चाली केल्या आणि घाईघाईने शो मागून पानं उघडायला लावली. मिळाले आठ चिंचोके. आक्काने कपाळावर हात मारला.

"आगं, अशी पानं आल्यावर चाल वाढवायची! हलकी पानं असली की बिनघोर खेळतीस, आन भारी आली की हात आखडतीस व्हय?"

खरंच होतं ते. काही चांगलं हातात आलं की मला आधी भीती वाटते ती ते जाईल याची. पुढे वर्षभर आक्का मला "तीन राण्या आन आठ चिंचोके" म्हणूनच हाक मारायची.

मग ती दमायला लागली. हातावर निळे डाग दिसू लागले. एका रविवारी मी तिचं रक्त घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. तीनदा पाहिली. लॅबच्या डॉक्टरांनाही दाखवली. ते म्हणाले, रक्ताचा कॅन्सर दिसतोय, आजच्या आज पुण्याला न्या.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन अंथुर्ण्याला गेले, तर दारात तोडणीवाल्यांची बैलगाडी. दाजींच्या उसाला तोड आली होती. आमच्याकडे तोड आली की माणूस घर सोडत नाही. कारखान्याने दिलेली पाळी चुकली तर ऊस फडात उभा वाळतो.

"दाजी, आक्काला पुण्याला न्यावं लागेल," मी म्हणाले. "रक्तात दोष दिसतोय."

"नेऊ की. एवढी तोड उरकू द्या, धा-पंधरा दिवसांत निघूच."

"मला काय धाड भरलीय?" आक्का आतून ओरडली. "बस, चहा टाकते."

"बरं," मी म्हणाले.

रिपोर्ट पिशवीतच राहिला. कॅन्सर हा शब्द मी तोंडातून काढलाच नाही. दाजी वाईट माणूस नाहीत. तो शब्द ऐकला असता तर त्यांनी उभा ऊस तसाच टाकून गाडी काढली असती. मी चहा प्याले आणि शेवटच्या एसटीने परत आले. पुढच्या रविवारी गेले, तेव्हाही तेवढंच बोलले.

पुण्याला गेलो ते अठरा दिवसांनी. तिथले डॉक्टर फक्त मला बाजूला घेऊन म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

दोन महिन्यांनी आक्काला घरी आणलं. तिने खाटेवर पडल्या पडल्या पानं मागितली. मला तीन सत्त्या आल्या. मी चाल दुप्पट केली, पुन्हा दुप्पट केली. आक्का पानं टाकेना. तिचे सगळे चिंचोके मधे आले तेव्हा शो झाला. तिच्याकडे दुरी, पंजा, नव्वी. काहीच नव्हतं.

"मग आधीच का न्हाय टाकलीस गं?" मी विचारलं.

"तू कुठवर वाढवतीस ते बघत हुते." ती हसली. "आता आलं बग तुला."

मला मान वर करवेना.

आक्काच्या दहाव्यानंतर भेटायला माणसं येत राहिली. दाजी प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही लॅबात हाय म्हणून निदान कळलं तरी. लगीच सांगितलं हिनं. आमच्या नशिबात न्हवतं, दुसरं काय."

अजूनही सांगतात. चिंचोक्यांचा डबाही त्यांनीच मला दिला, तिची आठवण म्हणून. मी शेजारी बसलेली असते, आणि लोक माझ्याकडे पाहतात तेव्हा मी "व्हय" म्हणते.