तक्रारीचं इंग्रजी

सुरतेत एखादा खानदेशी माणूस फर्डं गुजराती बोलताना भेटला, तर आमच्या मोठ्या मामांनी त्याला कधी ना कधी टोमॅटो परत करायला पाठवलेलं असणार, हे मी पैजेवर सांगतो. मामा तिथल्या लिंबायतमध्ये कापडाच्या लूमवर कामाला होते आणि शिक्षण म्हणाल तर सातवी. पण गावाकडून आलेला प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यातच त्यांच्या तावडीत सापडायचा. शिकवण्याची पद्धत त्यांनी स्वतःच काढली होती. वस्तू घ्यायला भाषा लागत नाही, बोट दाखवलं की भागतं. घेतलेली वस्तू परत करायला मात्र भाषेवाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून विद्यार्थ्याने सकाळी अर्धा किलो टोमॅटो घ्यायचे आणि संध्याकाळी तेच परत करून यायचे. मामा कोपऱ्यावर उभे राहून ऐकणार. परत गेले नाहीत ते टोमॅटो मामींच्या पदरात पडत. एकदा मराठवाड्याहून तिघेजण एकदम आले, आणि तिघेही अभ्यासात कच्चे निघाले, तेव्हा त्या घरात महिनाभर दुसरी भाजीच शिजली नाही.

भाजीवालीही या शाळेत सामील होती. नवखा चेहरा पिशवी घेऊन परत आला की ती विचारायची, “मामाए मोकल्यो के?” मामांनीच धाडलंय हे कळलं की मुद्दाम दहा मिनिटं हुज्जत घालायची आणि मगच माल परत घ्यायची. मीही तिथलाच विद्यार्थी. तिसऱ्या दिवशी मला असा काही संताप आला की तोंडातून आपोआप गुजराती बाहेर पडलं. मामांनी मला तिथल्या तिथे लोचो खाऊ घातला. म्हणाले, “मानूस संतापना की भाषा येस.”

पुढे मामांचा मुलगा कॅनडात गेला आणि तिथलाच झाला. सून तमिळ, त्यामुळे त्यांच्या घरात इंग्रजी. नऊ वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर हात हलवायची, मामाही हलवायचे, आणि मग दोघंही गप्प होऊन एकमेकांकडे बघत बसायची. ती सुट्टीत सुरतेला येणार असं ठरलं, तेव्हा मामा एक कोरी वही घेऊन सुरतेतच भेस्तानला माझ्याकडे आले. मी तिथे इंग्रजीच्या शिकवण्या घेतो.

“नातसंगे बोलनं शे,” ते म्हणाले. “धा वाक्यं लिखी दे. तिले गोड वाटतीन अशी.”

दहा वाक्यं. चहा निवायच्या आत झाली असती. पण मी पडलो मास्तर. असं दहा वाक्यांनी इंग्रजी येत नसतं, पाया पक्का हवा, आधी काळ शिकू, असं सगळं मी त्यांना ऐकवलं आणि रविवारचा वायदा केला. त्या रविवारी माझा जादा वर्ग निघाला, पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न. मामा दोनदा माझ्या कुलपाला भेटून गेले आणि मग यायचे थांबले.

थांबले म्हणजे स्वस्थ बसले असं नव्हे. त्यांनी आपली जुनी पद्धत बाहेर काढली. इंग्रजी बोलणारी भाजीवाली लिंबायतमध्ये कुठून मिळणार, म्हणून ते कंपन्यांच्या तक्रारीच्या नंबरांवर फोन लावू लागले. भाषा विचारली की इंग्रजीचं बटण दाबायचं आणि भांडायला लागायचं. घरातला मिक्सर ठणठणीत होता. मामांनी त्याची तीन महिने तक्रार केली. शेवटी दुरुस्तीवाला दारात उभा राहिला, तेव्हा मामींनी त्याच्यासमोर चटणी वाटून दाखवली आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं. मामांचं इंग्रजी मात्र तयार झालं. “आय ॲम नॉट सॅटिस्फाइड” हे वाक्य ते असं काही टाकायचे की माझ्या शिकवणीतल्या एकाला ते जमलं नसतं.

नात आली. मामांनी दारातच तिचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “आय ॲम वेटिंग सिन्स लाँग टाइम.” आता लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस, आवाज कायमचा चढलेला, त्यांनी मायेनं ‘बस’ म्हटलं तरी बसलेला माणूस उठून उभा राहतो. पोरगी आईच्या मागे सरकली. दुसऱ्या दिवशी तिने शेवभाजी न खाता ताटात तशीच टाकली, तेव्हा मामांना काळजी वाटली. “यू आर नॉट सॅटिस्फाइड?” त्यांनी विचारलं. तिने मान खाली घालून ताट साफ केलं, आणि मामांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. सकाळी तिला उठायला उशीर झाला की, “व्हॉट इज द रीझन फॉर डिले?” मला हसू आवरत नव्हतं. घरी जाऊन मी बायकोला नक्कलसुद्धा करून दाखवली. ती दहा वाक्यं शिकवायला अजून सहा दिवस हातात होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

निघायच्या दिवशी मी टॅक्सीत सामान ठेवत होतो. मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच इंग्रजीत म्हणाली, “आजोबा माझ्यावर एवढे नाराज का आहेत? मी काय केलं?” मी म्हणालो, नाराज नाहीत गं, त्यांना तेवढंच इंग्रजी येतं. तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. तिला ते पटलेलं नव्हतं. टॅक्सी सुटली.

मामा हात हलवून थकल्यावर माझ्याकडे वळले. “काय म्हने ती?”

“तुमचं इंग्रजी छान आहे म्हणाली.”

मामांनी रुमालाने डोळे पुसले. “पुढला सालले आखो जास्त तयारी करसू,” ते म्हणाले.

आता मी दर रविवारी न चुकता लिंबायतला जातो. मामा फोन लावून बसलेले असतात. ती दहा वाक्यं मी कधीच लिहून ठेवली आहेत, खिशातच असतात. पण ती द्यायची तर आधीची का नकोत तेही सांगावं लागणार, आणि आपली नात आठ दिवस आपल्याच घरात भीत भीत वावरली, हे मामांना कळणार. दर वेळी येताना मी ठरवून येतो. मामा फोन खाली ठेवतात, “कसं शे?” म्हणून विचारतात, आणि मी म्हणतो, झकास.