शेवटच्या ओळीतलं नाव

अभंगाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं, एवढं मला शाळेपासून पक्कं माहीत होतं. तेच नडलं. मी लोणावळ्याजवळ कुसगावातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. एका शनिवारी पाहुण्यांनी गरम पाण्यासाठी फोन करकरून जीव नकोसा केला, तेव्हा चिडून मी शेकडो वर्षं जुन्या एका अभंगाचं विडंबन केलं. 'द्या हो द्या, गरम पाणी। पाहुण्याची एक वाणी॥' अशा बारा ओळी. शेवटी ऐटीत स्वतःचं नाव घातलं. हॉटेलच्या ग्रुपवर टाकायचं ते गावच्या ग्रुपवर गेलं.

आमचं गाव पवनानगरच्या वाटेवर. मूळ अभंग तिथलं भजनी मंडळ दर एकादशीला म्हणतं. मंडळाचे आबा वरच्या आळीतले, मोठे शेतकरी. आमची बौद्धांची वस्ती खालच्या अंगाला. मी मेसेज डिलीट केला, पण तोवर बऱ्याच जणांनी वाचला होता.

घरी सांगितलं. वडील ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते जेवता जेवता थांबले. "देवाची चेष्टा केली म्हनतील. आन नाव कशाला टाकलंस? त्ये तुज्या एकट्याचं न्हाई, समद्या वस्तीचं हाय."

तेव्हा मला खरी भीती वाटली. रस्त्यावर कुणी हसलं तरी दचकायचो. वडील दार सताड उघडं ठेवून बसायचे, कारण बंद केलं तर घाबरलो असं दिसलं असतं.

मंगळवारी दुपारी आबा खरंच आले. एकटेच, हातात मोबाईल. वडील उठून उभे राहिले. आबा ओट्यावर टेकले, चष्मा लावला आणि माझं विडंबन चालीत म्हणायला लागले. गरम पाण्यापाशी त्यांना हसू आवरेना.

"लय ब्येस रचलंय. अक्षर कुटं कमी-जास्त न्हाई."

शेवटच्या ओळीत मात्र भलत्याच माणसाचं नाव होतं. फिरता फिरता कुणीतरी माझं काढून आपलं घातलं होतं, आणि आबांपर्यंत तेच पोचलं होतं.

"तू लोनावळ्याकडं आसतो. ह्यो कोन, वळखतो का? एकादशीला बोलवू म्हनतो."

माझ्या ओळी होत्या त्या. राग आला. आबा परक्याचं म्हणून हसत होते. माझं म्हटल्यावर हसले असते का, कुणास ठाऊक. हसलेही असते. ते अजमावून बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

"न्हाई वळखत, आबा," मी म्हणालो.

"बोलवा की त्याला," वडील हळूच म्हणाले. "चांगलं ल्हितोय त्यो."

मी लिहिलेल्याला त्यांनी चांगलं म्हटलं ते तेवढंच, आणि तेही माझ्याकडे न बघता.