लिनक्स आणि आखूड वाक्ये

आधी गरज नीट मांडावी, मग साधन शोधावे, असे मी गणित शिकवताना वर्गात सांगत असे. सन दोन हजारनंतरच्या दशकात आम्ही संगणकासाठी लिनक्स ही सर्वांना मोफत खुली असलेली प्रणाली निवडली, तेव्हाही हाच क्रम पाळला होता. निवड बरोबर होती असे मला अजूनही वाटते. तरीही तिची आठवण झाली की मन खट्टू होते.

आम्ही म्हणजे मी आणि आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे सर. ते डिंभ्याला राहत. त्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले होते आणि त्या गावावर त्यांना एक पुस्तक लिहायचे होते. मुलाने पुण्याहून आणून दिलेल्या जुन्या संगणकावर ते लिहीत. तरुणपणी मराठी टंकलेखन शिकल्यामुळे कळफलकाकडे न बघता त्यांची बोटे चालत आणि तो वेग लेखनातही उतरे. नदीवरच्या होडीविषयीचे त्यांचे एक वाक्य अर्धे पान चालले होते. त्यात नावाडी होता, त्याच्याशी भांडणारी म्हातारी होती, तिच्या पाटीतली कोंबडी होती. पैलतीर येईपर्यंत वाक्य संपतच नव्हते.

मग संगणकाला व्हायरस लागला. घोडेगावहून दुरुस्तीला आलेल्या माणसाने पिशवीतून दोन सीडी काढल्या. एकीत पूर्वीचीच प्रणाली, दुसरीत मराठीचे सॉफ्टवेअर. दोन्हींवर पेनाने नावे लिहिलेली.

"या विकतच्या आहेत का?" सरांनी विचारले.

"विकतच्या कोण घेतंय, सर! सगळ्या तालुक्यात हीच फिरतीय. आमदाराच्या हापिसात पण हीच."

"मग आमच्याकडे नको. जन्मभर पोरांना सांगितलं, दुसऱ्याचं बघून लिहू नका."

"सर, आता तुमचा पेपर कोण तपासणार हाय?" तो हसत म्हणाला. सर हसले नाहीत.

रीतसर विकत घ्यावे, तर तेवढी किंमत त्या संगणकाचीही नव्हती. तेव्हा मी लिनक्सचे नाव काढले. माझ्याकडे एका मासिकासोबत आलेली सीडी होती. नवख्या माणसासाठी तिची सोय चांगली होती: सीडी आत घालून संगणक सुरू केला की काहीही न बसवता सगळे वापरून पाहता येई आणि ती बाहेर काढली की संगणक होता तसाच राही. काही रविवार मी एस.टी.ने डिंभ्याला जात राहिलो. जुन्या यंत्रावर ती चालते का, तिच्यात मराठी लिहिता येते का, ती वापरण्याची सर्वांना रीतसर मुभा आहे का, हे आम्ही तपासले. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली. पडद्यावरच्या सूचनासुद्धा मराठीत दिसू लागल्या, तेव्हा सर खुर्चीत ताठ बसले. आम्ही ती कायमची बसवली.

त्यानंतर फ्लॉपीवरचे जुने लेखन उघडले आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन चुरा पसरला. कारण समजायला मला वेळ लागला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असत; संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. नव्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचे स्थान होते. हीच पद्धत टिकणारी, हे उघड होते. सरांनी छापील प्रती ठेवल्या होत्या, त्यामुळे मजकूर बचावला.

पण नव्या पद्धतीत कळांची मांडणीही वेगळी होती: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. टंकयंत्राची मांडणी तिथे आम्हाला सापडली नाही. सर विद्यार्थ्यासारखे अक्षरे शोधू लागले. जिभेवर आलेला शब्द बोटाला कळ सापडेपर्यंत थांबून राही.

काही महिन्यांनी सरांच्या पत्नी, काकू, मला म्हणाल्या, "भाऊ, आदी ह्यांच्या खडखडाटानं माजा दुपारी डोळा लागायचा न्हाई. आता इतकं गप असतंय, की मीच उठून बघून येते, लिहितात का झोपलेत."

"झोपत नाही. 'ज्ञ' शोधतोय," आतून सर म्हणाले.

त्या दिवशी मी नवी पाने वाचली. शुद्धलेखन निर्दोष होते. मात्र वाक्ये चार-पाच शब्दांत संपत होती. मी म्हणालो, "सर, त्या माणसाला बोलावू. जुनंच टाकू."

"तुमची निवड चुकली का?"

"नाही."

"मग विषय संपला."

मी दुसरा उपाय सुचवला: त्यांनी सांगावे, मी टंकावे. ते उभे राहिले, हात मागे बांधले आणि प्रत्येक शब्द दोनदा उच्चारून, स्वल्पविरामासह, मला शुद्धलेखन घालू लागले. नदीवरची म्हातारी अशा सुरात भांडली नसती. दोन बैठकांनंतर त्यांनीच ते थांबवले. पुढे दृष्टी कमी झाली आणि लेखनही.

ते गेल्यावर छापील पाने मी नव्या पद्धतीने टंकून काढली. आता सारे लेखन कोणत्याही संगणकावर उघडते, मोबाइलवरही. योग्य निवडीचे हे फळ आहे आणि ते मी नाकारत नाही. पण सरांनी लिनक्सवर लिहिलेल्या शेवटच्या पानावर आठवड्याच्या बाजाराचे वर्णन आहे: "बाजार भरे. माणसे येत. संध्याकाळी परत जात." कोण येत, काय विकत, कोणाशी भांडत, हे सांगणारा आता कोणी नाही.