टॅली बरोबर, माल बदललेला

गोदामात रिटर्न माल साचतो, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साचलेत. कुणी हलवत नाही, म्हणून मीच उचलतो. आम्ही काल्हेर-मानकोलीच्या गोदामांतले. आठवडाभर ट्रक भरतो आणि रविवारी शहापूरकडच्या डोंगरात भटकतो.

*

शिरीष आमचा डिस्पॅचवाला. सॅकही ट्रकसारखीच भरतो. जे शेवटी लागणार, ते आधी आत! एकदा पाऊस सकाळीच आला. रेनकोट तळाला, वर सगळ्यांचे डबे.

"शेड्यूलमध्ये पाऊस दुपारी होता!" शिरीष भिजत म्हणाला.

*

एकदा डोंगर उतरल्यावर शिरीषने गाडीतली डोकी मोजली. टॅली जुळली, गाडी सुटली. थोड्या वेळाने आमच्यातल्याच दिनेशचा फोन.

"अरे, मी अजून डोंगरावरच हाय!"

मग गाडीत जास्तीचं कोण? मागच्या सीटवर पांडूमामा! पायथ्याच्या पाड्यावर आम्ही जेवतो ते यांच्याच घरी. बिचारे आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले होते.

"मामा, तुम्ही कसे बसलात?"

"ह्यो शिरीष बसा बोलला, मी बसलो."

*

मामांच्या घरी मामींनी रानभाजी वाढली. शिरीषने सवयीने विचारलं, "मामी, ही कुठल्या बॅचची?"

"कालच्या पावसाची. खा गपचूप!"

*

मागच्या रविवारी मात्र मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांच्या भाताच्या खाचरासाठी गोदामवाली पार्टी आली होती. दुसऱ्या दिवशी एजंट होकार घ्यायला येणार होता. मामींना जमीन द्यायची नव्हती. मामांचं मन डळमळत होतं. मला तर वाटलं, हे खाचर गेलंच. दिनेश मानकोलीचा, त्याची जमीन अशीच गेलेली. म्हणून मामांनी त्यालाच विचारलं.

"दिनेश, शेत इकून बरा झाला ना तुजा?"

"एकदम! बंगला झाला, गाडी आली. जागेवर गोदाम झालं, त्यातच सुपरवायझर लागलो."

"मंग शेतावं जातस का कदी?"

"रोज जातो मामा, ड्युटीच तिथं हाय! फक्त सुट्टीच्या दिवशी वॉचमन आत सोडत न्हाय."

"तुज्याच शेतावं?"

"आयडी कार्ड घरी राहिलं तर ड्युटीलाही न्हाय सोडत!"

आम्ही सगळे हसलो. शिरीषला तर ठसका लागला. मामींनी न विचारता दिनेशच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मामा हात धुऊन ओट्यावर गेले आणि त्यांनी एजंटला फोन लावला.

"उद्या येऊ नको. मी शेतावं हाय."