इतर की इत्र?

निरोप आला तेव्हा मी अलिबागला होते. चौलला पोचेपर्यंत सासूबाईंना नेलंही होतं. दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली आणि तिन्हीसांजेला त्यांच्या खोलीत दिवा ठेवायला मी एकटी गेले... तर केवड्याचा वास! मी उंबऱ्यातच थबकले. ही भीती माझी जुनीच आहे.

लग्न नुकतंच झालेलं. हिवताप घरोघर होता, त्या दिवशी मलाही हुडहुडी भरलेली. अत्तरवाले कासमचाचा दारी आले आणि नवी सून म्हणून त्यांनी मला केवड्याचा फाया दिला. तो मी मनगटावर घासला. जाताना वाटेत त्यांना सासूबाई भेटल्या, तर हसत म्हणाले, “काकी, सूनबाईनं इत्र लावलंय हां!” आमच्या घरात भुताचं नाव कुणी घेत नसे, ‘बाहेरचं’, ‘इतर काही’ असंच बोलायचं. सासूबाईंनी ऐकलं, ‘इतर लागलंय’. घाईघाईनं घरी येऊन बघतात तो मी कुडकुडतेय आणि अंगाला केवड्याचा वास! त्यांनी थेट भगताला बोलावणं धाडलं.

पडवीत निखाऱ्यांवर विळा लाल होत होता. “डाग दिल्याबिगर सुटायचं न्हाय,” भगत म्हणाला. माझी दातखीळच बसली. मी मेले, एवढंच मनात येत होतं. विळा पोटाजवळ आला आणि सासूबाईंनी मध्ये हात घातला. तळवा चर्रकन भाजला, तरी हात काढला नाही. “आधी इचारू दे! कोण हायस तू?”

“मी... तुमची सून.”

“मंग वास कसला?”

“कासमचाचांनी अत्तर दिलं...”

दुसऱ्या दिवशी तो हात बघून चाचा रडलेच. म्हणाले, “काकी, तुमचं अत्तर तेच आमचं इत्र. शब्द अरबांकडचा, अर्थ नुसता सुवास.” एक कुपी ठेवून गेले. सासूबाईंनी ती आपल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली, उघडली कधीच नाही. मात्र पुढे रोज सांजेला त्याच खरखरीत तळव्यात माझं मनगट धरून हुंगायच्या आणि डोळे मोठे करून विचारायच्या, “इतर का इत्र, गो?” मी हसायचे, पण भीती वाटायचीच. त्यांनाही वाटत असणार, कारण मनगट त्या लवकर सोडत नसत.

कुपीचं बूच वाळून सैल झालंय, वास तिथूनच येतो. हे मला दिसतं, कळतं. तरी दिवा ठेवला की मी त्यापलीकडच्या अंधारात मनगट पुढे करते... आणि कुणी धरायच्या आत घाबरून मागे घेते.