नानांची उभी गाडी

नाना रोज सकाळी गाडी पुसायचे. आंघोळ झाली की खांद्यावर जुन्या धोतराचा फडका टाकून ते अंगणातल्या लिंबाखाली जायचे आणि पांढऱ्या अँबॅसिडरची पुढची काच, मागची काच, मग चारी दारांच्या काचा पुसून काढायचे. पत्र्याला मात्र हात लावायचे नाहीत. पत्रा कुठे उरला होता म्हणा! दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्ल्या होत्या, मडगार्डला मूठ जाईल एवढं भोक होतं आणि टायर जमिनीला टेकून चपटे झाले होते. नऊ वर्षं ती गाडी जागची हललेली नव्हती. एखादा नवा माणूस विचारायचा, "नाना, बंद गाडीच्या काचा कशाला पुसता?" नाना म्हणायचे, "आतून भाईरचं दिसाय पायजे." आत कोण बसलंय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

नाना आमचे शेजारी. तिसगावाबाहेरच्या वस्तीवर आमचं घर आणि त्यांचं घर, मध्ये एक बोरीचं झाड. नातं काही नाही, पण आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय पानही हलायचं नाही. त्यांनी उभी हयात भाड्याची गाडी चालवली. लग्नं, मयती, शिंगणापूरचे भाविक, बाळंतिणी, सगळं त्याच एका अँबॅसिडरमधून. डोळ्यांपेक्षा कानांनी चालवायचे. "गाडी बोलती. आपुन गप बसलं तर आयकू येतं," असं म्हणायचे आणि घाट लागला की गाडीत कोणालाच बोलू द्यायचे नाहीत. एकदा एका नवरदेवाचा मामा घाटातही मानपानावरून तोंड चालवत राहिला. नानांनी गाडी कडेला घेतली, मागे वळले आणि हात जोडून म्हणाले, "पावणं, येकतर तुमी बोला, न्हाईतर हिला बोलू द्या. दोघांचं आयकून मला वळान दिसंना." मामा लग्न लागेपर्यंत मुका होता म्हणतात.

मी त्या गाडीत जन्मायचा थोडक्यात चुकलो. नगरच्या दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली आणि आईची सुटका झाली ती आत नेता नेता. नाना मला कायम चिडवायचे, "अजून येक सिग्नल लागला आस्ता तर तुझं नाव अँबॅसिडर ठिवलं आस्तं." त्यांचा मुलगा दत्ता माझ्याच वयाचा. आम्ही दोघं त्या गाडीच्या मागच्या सीटवर उलटे बसून रस्ता मागे पळताना बघत मोठे झालो.

आमच्या वस्तीवर कॉलेजात जाऊन पदवी घेतलेला मी पहिला. हे मी लपवत नाही. वडील ऊसतोडीला जायचे आणि कागदावर अंगठा उठवायचे. त्यांच्या पोराने इंजिनिअर व्हावं ही साधी गोष्ट नव्हती, आणि मला तिचा अभिमान आहे. नगरला कॉलेजात सोडायला नाना आले होते. शेजारच्या सीटवर नानी, म्हणजे त्यांची बायको, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. फाटकाशी नानांनी ब्रेक मारला आणि म्हणाले, "उतर. हितून फुडचा रस्ता मला ठावं न्हाई." नानीने डबा माझ्या हातात दिला आणि त्यांना म्हणाली, "आवं, जरा आत तरी सोडा लेकराला." नाना म्हणाले, "तेला त्येच्या पायानं जाऊ दे." मी गेलो. मागे वळून बघितलं तेव्हा गाडी तिथेच उभी होती. मी आत दिसेनासा होईपर्यंत ती हलली नसावी.

नानांचं मूळ गाव शनिशिंगणापूरच्या अंगाला. त्यामुळे शनिवार म्हणजे शनिवार. त्या दिवशी लोखंड विकत घ्यायचं नाही, तेल घ्यायचं नाही, हे आमच्याकडे बरेच लोक पाळतात; नानांनी ते गाडीलाही लावून टाकलं होतं. डिझेल शुक्रवारी भरून ठेवायचं. शनिवारी गाडीचा एक स्क्रूसुद्धा घ्यायचा नाही. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर चेष्टा करायचे, "नाना, शनवारी टायरात खिळा घुसला तर लोखंड घरात आलंच की!" नाना शांतपणे सांगायचे, "घुसू दे. ते इकत न्हाई घ्येतलं." सगळे हसायचे, नानाही हसायचे.

नानी गेली तोही शनिवारच होता, पण हे तेव्हा कोणी ध्यानात घेतलं नाही. दुपारी चारला तिच्या छातीत कळ आली. गाडी दारात असताना दुसरं काही बोलवायचा प्रश्नच नव्हता. नानांनी तिला मागच्या सीटवर निजवलं आणि नगरच्या वाटेला लागले. करंजीच्या घाटात गाडी बंद पडली. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, पण गाड्या वळसा घालून जात राहिल्या. शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला. नानीला उचलून टेम्पोत घालताना तिचा हात खाली लोंबला, एवढंच नाना नंतर सांगायचे. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून गाडी लिंबाखाली आणून लावली. "इंजिन बसलं," नाना म्हणाले. माणूस घाटात एकटा, बायको मागच्या सीटवर, आणि इंजिन बसतं. याला कोण काय करणार? लोक हळहळले, दैवाला बोल लावला आणि गेले. नानांनी पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही.

गाडीचं काय करायचं यावरून मात्र त्या घरात वर्षानुवर्षं खटके उडत. दत्ताने हमरस्त्यावर हॉटेल टाकलं होतं. त्याला ती गाडी हॉटेलापुढे हवी होती. छत कापायचं, लालभडक रंग मारायचा, आत दोन बाकडी टाकायची. लोक फोटो काढतील, चहा पितील. नाना म्हणाले, "नाचवायचीच हौस आसंल तर मला नाचव. मी फुकाट नाचतो." दत्ताची बायको सुरेखा भंगारवाल्याला द्या म्हणायची, गाडीखाली दोनदा नाग निघाला होता आणि तिची पोर रांगती होती. तिचं काही चूक नव्हतं. ती बोलली की नाना काठी घेऊन गाडीखाली हाणत बसायचे. तिसरा मी. तोवर मी पुण्याजवळ एका कारखान्यात गुणवत्ता विभागात लागलो होतो. जुन्या गाड्या मुळासारख्या करून मिरवणारी माणसं मी पुण्यात पाहिली होती. मी म्हणालो, "नाना, पत्रा बदलू, रंग तोच ठेवू, गाडी होती तशी करू." नाना म्हणाले, "मेलेल्याला नवी कापडं घालून काय करतो? इंजिन बसलंय तिचं." या वाक्यापुढे प्रत्येक वेळी विषय संपायचा.

तपासून पाहिल्याशिवाय कोणतंही यंत्र निकामी म्हणायचं नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो. त्या दिवाळीला मी गावी आलो तेव्हा नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नेवाशाला लेकीकडे गेले होते. मी दत्ताला गाठलं. म्हटलं, एकदा बॉनेट उघडून बघू. इंजिन खरंच गेलं असेल तर काप तुझं छत, मी आडवा येणार नाही. पण चांगलं निघालं तर गाडी होती तशीच करायची. दत्ता म्हणाला, "नानांला इचारायचं न्हाई?" मी म्हणालो, "चालू झाल्यावर विचारू. आवाज ऐकला की नाही म्हणणार नाहीत." मला नाना इतके माहीत होते, अशी माझी समजूत होती.

पाथर्डीहून एक म्हातारा मिस्त्री आणला. त्याने ऑइलची कांडी ओढून बोटावर घासली, नाकाशी नेली. मग दोन्ही हात आत घालून कितीतरी वेळ चाचपत राहिला. "कोन म्हनलं इंजिन बसलंय?" तो म्हणाला. "हिला काय झाल्यालं न्हाई. फॅनचा पट्टा तुटलाय निस्ता. ह्यो बघा, तुकडा हितंच आडाकलाय." काळ्या, वाळून ताठ झालेल्या रबराचा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. "पट्टा तुटला, पानी उकाळलं आन् गडी येळंवर थांबला. ज्यानं थांबवली त्येला गाडी कळत हुती."

मी आनंदाने दत्ताच्या पाठीवर थाप मारली. दत्ता हलला नाही. "पट्टा कुठं मिळतो, चाचा?" त्याने विचारलं.

"कुठं म्हंजी? तुमच्या तिसगावात मिळंल. धा मिनटाचं काम हाय."

दत्ता त्या तुकड्याकडे बघत राहिला आणि मग हॉटेलात गिऱ्हाईक आहे म्हणून निघून गेला. मी यंत्राच्या नादात होतो. माणसाचा चेहरा वाचायचं शिक्षण मला कुठल्या कॉलेजने दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी तिकडे बघितलंही नाही. दोन दिवस मिस्त्री राबला. इंजिनात डिझेल ओतून ते हाताने फिरवलं, डिझेलच्या नळ्या साफ करून त्यांतली हवा काढली, नवी बॅटरी, नवा पट्टा. नाना येणार त्या दुपारी गाडी सुरू झाली. सुरेखाची पोर टाळ्या पिटायला लागली, दत्ताही हॉटेलातून येऊन ओट्यावर उभा राहिला.

नाना डोळ्यांना काळा चष्मा लावून रस्त्यापासून चालत आले. त्यांना गाडी दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. अंगणाच्या कडेला ते थांबले. मी धावत गेलो. मला वाटत होतं ते माझा हात धरतील.

"पट्टा कुनी घातला?" नाना म्हणाले.

मी त्यांना पट्ट्याचं काहीच सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

ओट्यावरून दत्ता खाली उतरला. "नाना, आई कशानं गेली?"

"बंद कर ती," नाना मला म्हणाले. मी किल्ली फिरवली. मग ते दत्ताकडे तोंड करून बोलले, पण आवाज एवढा खाली होता की सुरेखाने पोरीला गप केलं. "सकाळीच चीर दिसली हुती मला पट्ट्याला. दुकानाम्होरं गाडी उभी बी केली. शनवार हुता. म्हनलं, सकाळी घिऊ."

"पट्टा रबराचा असतोय, नाना."

"व्हय," नाना म्हणाले. "घाटात बसल्यावर आलं ध्यानात."

आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. दत्ता आत गेला. सुरेखाने नानांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरलं आणि तसंच खाली ठेवलं. त्यानंतर बाप-लेक एका ताटाच्या अंतरावर जेवत, पण दत्ता त्यांच्याशी अक्षर बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी नानांनी स्वतः भंगारवाल्याला बोलावलं. तो चक्रावला. "चालू गाडी हाय, बाबा. कापायची कशाला? हौशी गिऱ्हाईक बघा की." नाना म्हणाले, "काप." त्याने आमच्याकडे बघितलं.  गॅसच्या नळीने गाडी कापायला दोन दुपारी लागल्या. नाना समोर दगडावर बसून होते. भंगारवाला भला माणूस. आठवण म्हणून स्टिअरिंग ठेवून घ्या म्हणाला. "न्यायचं तर समदं न्या," नाना म्हणाले. लिंबाखाली तेलाचा एक काळा चौकोन तेवढा उरला, सुरेखाने त्यावर माती टाकली.

नाना कायमचे लेकीकडे निघाले तेव्हा मी त्यांना एसटीत बसवायला गेलो. हातात एक पिशवी. मी म्हणालो, "नाना, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू गाडी दुरुस्त क्येली. चांगली क्येली." मग खिडकीतून जरा वाकून म्हणाले, "आवाज साफ हुता."

पुढच्या उन्हाळ्यात नेवाशालाच ते वारले. दहाव्याला मी प्रवरेच्या काठी पोहोचलो तेव्हा पिंड ठेवून झाले होते आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघत होते. कावळे होते. पलीकडच्या झाडावर ओळीने बसले होते. एकही खाली येईना. लोकांनी एकेक शब्द द्यायला सुरुवात केली. लेक म्हणाली, दादाला अंतर देणार नाही. सुरेखा म्हणाली, पोरीला शिकवू. कोणी काही, कोणी काही. ऊन चढलं. शेवटी नानांचे थोरले मेहुणे दत्ताजवळ गेले. "दत्ता, तू बोल बाबा. म्हाताऱ्याचा जीव तुझ्यापाशी अडाकलाय. राग न्हाई म्हन येकदा."

मुंडण केलेला दत्ता ओल्या अंगाने उभा होता. त्याने मेहुण्यांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"तू चालू केली ना गाडी? तूच बोल."

सगळे माझ्याकडे वळले. मी चपला काढल्या, पिंडांपर्यंत गेलो आणि हात जोडले. मी कारखान्यात दोनशे माणसांपुढे उभा राहून बोलतो. तिथे मला एक वाक्य सुचलं नाही. दत्ताच्या वतीने माफी देणारा मी कोण?  वाळू पोळायला लागली तेव्हा गुरुजींनी माझ्या खांद्याला हात लावून मला बाजूला केलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. दत्ताने नदीत जाऊन तीन बुड्या मारल्या आणि कोणासाठी न थांबता पायऱ्या चढून वर गेला.